झारी उपडी ठेवणाऱ्या काकांना

प्रिय काका,

तोंडावर आभार मानले असते तर 'त्यात काय एवढं' म्हणून तुम्ही विषय बदलला असता. म्हणून हे जाहीर पत्र. हंगाम संपत आला की बागेकडे नुसतं बघूनच दमायला होतं, अशा इतरांच्याही हाती ते पडावं हाही हेतू आहेच.

आधी बाकीच्यांचं सांगते. बागकामाने जीव मेटाकुटीला आलाय असं म्हटलं की लोकांना हसू येतं. 'बाग म्हणजेच विरंगुळा, त्याचा कसला शीण?' असं म्हणणाऱ्यांनी एकदा उकिडवं बसून वाफाभर लव्हाळा काढून बघावा. जाणकार म्हणवणाऱ्यांनी तर कडी केली. टोमॅटोची खालची पानं पिवळी पडलेली बघून एकाने युरिया सुचवला, दुसऱ्याने बुरशीनाशक आणि तिसऱ्याने हंगामाअखेरच्या कामांची हातभर यादी पाठवली. कुंड्या धुण्यापासून माती चाळण्यापर्यंत त्या यादीत सगळं होतं. ते करणाऱ्या माणसाच्या अंगात त्राण उरलंय का, एवढं मात्र कुणी विचारलं नाही.

तुम्हीही विचारलं नाहीत. तुम्ही कुंडीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसलंत, बाहेर काढून त्याला चिकटलेली ओली माती दाखवलीत, भरलेली झारी बादलीत रिकामी केलीत आणि उपडी ठेवलीत. "आज काही नाही. उद्या बोट घालून बघ, मग ठरव." एवढंच.

ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. हंगामाअखेर झाडाची वाढ थांबलेली असते, पानं कमी झालेली असतात, त्यामुळे पाण्याचा उपसाही कमी होतो. हाताला मात्र भर हंगामातली रोजची सवय असते. जास्तीचं पाणी मातीतल्या हवेच्या पोकळ्या भरून टाकतं, मुळं गुदमरून कुजतात. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून ओल्या मातीतलं झाडही कोमेजतं. कोमेजलेलं दिसलं की माणूस आणखी एक झारी ओततो. म्हणजे दमणूकही वाढते आणि मूळकुजही. तुम्ही दोन्ही एका झटक्यात थांबवलंत.

पिवळ्या पानांचंही तेच. टोमॅटो, काकडी, घेवडा ही हंगामी पिकं. फळ पिकून बी तयार झालं की झाड जुन्या पानांतलं नत्र (नायट्रोजन) काढून बियांकडे वळवतं. हा रोग नाही, खताने तो 'बरा'ही होत नाही. उशिरा दिलेल्या नत्राने फार तर कोवळा फुटवा येतो आणि त्यावर मावा ही रस शोषणारी बारीक कीड बसते. काकडीवर भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, आलीच असेल आणि तोडे संपले असतील, तर फवारणीत वेळ का घालवायचा? वेल काढून टाकायचा, पण नेहमीच्या कंपोस्टात नाही. रोगट पाला टाकायचा तर ढिगाच्या आत काही दिवस तरी ५५ अंश सेल्सिअसच्या वर तापमान राहावं लागतं, आणि कोपऱ्यातल्या गार ढिगात ते होत नाही.

'हे करायलाच हवं' आणि 'हे राहिलं तरी चालेल' यांच्यात तुम्ही जी रेघ मारून दिलीत, ती प्रत्येक दमलेल्या बागवाल्याकडे असावी. करायलाच हवं ते थोडं आहे: रोगट झाडं आणि जमिनीवर सडलेली फळं उचलणं, तणांचे तुरे बी धरण्याआधी छाटणं, उघड्या मातीवर आच्छादन घालणं. बास. तण मुळासकट उपटायची घाई नाही. घेवडा, वाटाणा जमिनीलगत कापायचा, मुळं आत राहू द्यायची. ती कुजली की मातीत हवा-पाण्याच्या वाटा तयार होतात आणि खणायचे कष्ट वाचतात ते वेगळेच. वाफा झाकायला साधा तपकिरी पुठ्ठा पुरतो. चिकटपट्ट्या आणि पिना आधी काढायच्या, कडा एकमेकींवर १५ सेंटिमीटर चढवायच्या (नाहीतर तण नेमकं फटीतूनच डोकं काढतं), चिंब भिजवायचा आणि वर ५ ते ८ सेंटिमीटर पालापाचोळा पसरायचा. झाड उभं असेल तिथे बुंध्याभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवायची, नाहीतर ओल धरून साल कुजते.

आराम म्हणजे हातावर हात ठेवून बसणं, असंही तुम्ही सांगितलं नाहीत. ज्याला बागेचं वेड आहे त्याला ते जमतही नाही. तुम्ही बसून करायचं काम दिलंत: अवजारं. खुरपं धुवायचं, कोरडं करायचं, गंज पॉलिश पेपरने घासायचा. सिकेटरच्या, म्हणजे फांद्या छाटायच्या कात्रीच्या, धारेच्या पात्यावर कानस एकाच दिशेने आणि फक्त उताराच्या बाजूने फिरवायची. सपाट बाजू घासली की दोन पात्यांत फट पडते आणि फांदी कापली न जाता चेंगरते. मग सांध्यात तेलाचा थेंब. लाकडी मुठींना जवसाचं तेल. आणि तुमची ती ताकीद सगळ्यांसाठी इथे लिहून ठेवते: तेलाचा बोळा चुरगाळून कोपऱ्यात टाकायचा नाही. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि तो बोळा आपोआप पेटू शकतो. तो बाहेर सपाट पसरून पुरता वाळवायचा.

उभ्याने करायच्या कामांना वीस मिनिटांचा गजर, मग काम बदलायचं. वाकून झालं की बसून, बसून झालं की चालून. कंबर धरली तर जमिनीवर उताणं पडून पोटऱ्या खुर्चीवर टेकवायच्या आणि दहा मिनिटं तसंच राहायचं. कंबरेवरचा ताण बराच हलका होतो. सुन्नपणा किंवा पायात उतरणारी कळ असेल तर मात्र डॉक्टर, असंही तुम्ही बजावलंत. कुठल्या यादीत हे वाचलेलं नाही.

मदत करणारे पुष्कळ असतात, काका. बहुतेक जण येताना आणखी एक काम घेऊन येतात: नवं खत, नवी रोपं, नवा सल्ला. समोरच्याच्या डोक्यावरचं एक काम काढून घेणारी माणसं क्वचित भेटतात. आणि ती सहसा भरपूर माहिती असलेलीच असतात, कारण काय सोडून दिलं तरी चालतं हे कळायला काय केलंच पाहिजे याचं पक्कं ज्ञान लागतं. जाताना तुम्ही 'अजून काही लागलं तर सांग' असं म्हणाला नाहीत, हेही बरं केलंत. ते सांगणंसुद्धा एक कामच झालं असतं.

पुढच्या हंगामात निम्मेच वाफे. काकडीचा एकच वेल, कारण तिला दिवसाआड तोडावं लागतं आणि एक काकडी पिवळी होईपर्यंत राहिली तरी वेल नवं फळ धरायला कुचराई करतो. उरलेल्या वाफ्यांवर पुठ्ठा तसाच राहील. बियांची पाकिटं जास्तीची आहेत, ती घेऊन जा. तुमची कानस अजून माझ्याकडेच आहे. कुदळीला धार लावून झाली की रविवारी आणून देते.

तुमची,
शेजारच्या बागेतली