चुरस फक्त निळ्या-हिरव्यांची नव्हे

संपादक महोदय,

फिलिपिन्समधल्या कॉलेज बास्केटबॉलवरचा लेख आपल्या क्रीडा पानावर वाचला. असा विषय मराठीत आला याचंच अप्रूप. पण लेखकाने सगळी चुरस आतेनेओ आणि दे ला साल या दोन विद्यापीठांतच आटोपून टाकली. नोकरीनिमित्त मी काही वर्षं मनिलाला खेटून असलेल्या केसोन सिटीत काढली, म्हणून राहवलं नाही.

आतेनेओ निळे, ला साल हिरवे. दोन्ही कॅथलिक संस्था, पैसेवाल्या घरांतली मुलं, वैरही जुनं. सगळं कबूल. पण आठ विद्यापीठांची ही स्पर्धा (यूएएपी, १९३८ पासूनची) खरी बघावी ती यूपीच्या बाजूला बसून. यूपी म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ द फिलिपिन्स. ‘यूपी जिंकली’ असं मी फोनवर सांगितलं, तेव्हा आईने विचारलं, तिकडे निवडणुका कधी झाल्या?

हे सरकारी विद्यापीठ. तिथल्या विद्यार्थ्यांना ‘इस्कोलार नांग बायान’ म्हणतात, म्हणजे जनतेच्या पैशावर शिकणारी पोरं. १९८६ला विजेतेपद मिळालं आणि मग जो दुष्काळ पडला, तो पडलाच. २००७ला १४ पैकी १४ सामने हरले. २०१४मध्ये सलग २७ पराभवांनंतर अ‍ॅडमसन विद्यापीठाला एकदाचं हरवलं, तर पोरांनी कॅम्पसमध्ये शेकोटी पेटवली. ही शेकोटी एरवी विजेतेपदाला पेटवायची! एका सामन्यासाठी असली होळी करायला फार मोठा निर्लज्जपणा लागतो, आणि तो मला अतिशय आवडला.

आतेनेओ आणि यूपी एकाच कातिपुनान रस्त्यावरचे शेजारी. १३ मे २०२२ला अंतिम फेरीचा तिसरा, निर्णायक सामना या दोघांतच झाला. आतेनेओ सलग चौथ्या विजेतेपदाच्या दारात. सामना ओव्हरटाइममध्ये, म्हणजे जादा वेळेत गेला, तिथेही ६९-६९ बरोबरी झाली आणि शेवटच्या क्षणी यूपीच्या जेडी कागुलांगानने मागे सरकून लांबून तीन गुणांचा चेंडू टाकला. ७२-६९. हा पोरगा आधी ला सालकडून खेळलेला, ही आणखी एक गंमत. सामना दूर पासाय शहरात होता, पण आमच्या गल्लीत भांडी वाजायला लागली. इमारतीचा सुरक्षारक्षक, ज्याने कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही, तो खुर्चीवर उभा राहून मूठ उंचावत होता. घरमालकीणबाई आतेनेओच्या. त्या दोन दिवस खाली उतरल्या नाहीत.

लेखात आणखी एक गोष्ट हवी होती. सामना संपला की दोन्ही विद्यापीठांची गीतं होतात आणि हरलेले खेळाडूही आपल्या प्रेक्षकांसमोर उभे राहून गातात. डोळे पुसत गाणारी सहा फुटी मुलं मी पाहिली आहेत. तिथे सगळे संत आहेत असं नव्हे. अपात्र खेळाडू खेळवल्याचं उघड झाल्यावर ला सालला २००४चं विजेतेपद परत करावं लागलं आणि २००६चा हंगाम बाहेर बसून काढावा लागला.

आपल्याकडे कॉलेजांना एकमेकांवर तुटून पडता येत नाही असं थोडंच आहे? पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी भरत नाट्य मंदिराबाहेर ‘अरे आवाज कुणाचा’ ऐकून बघा. मग तोच घसा मैदानावर का बसत नाही? डिसेंबर २०२४मध्ये यूपी-ला साल अंतिम सामन्याला अरानेता कोलिसियममध्ये २५ हजारांहून जास्त माणसं होती. आपल्या ‘अश्वमेध’ या राज्य आंतरविद्यापीठ क्रीडा महोत्सवात बास्केटबॉल कोण जिंकलं, हे मात्र मला कुठल्याच वर्तमानपत्रात सापडलं नाही. शेवटी खेळायला गेलेल्या भाच्यालाच फोन करून विचारलं. निदान चार ओळींचा निकाल तरी छापत जा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, नौपाडा, ठाणे