आमच्या चीफ केमिस्ट साहेबांना

आदरणीय साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या निरोप समारंभात सगळे भरभरून बोलले. शाल-श्रीफळ झालं, चेअरमन बोलले, एमडी बोलले, युनियनचे अध्यक्षही बोलले. तुमची शिस्त, तुमचा वक्तशीरपणा, कारखान्यावरची तुमची निष्ठा, सगळं खरंच होतं. पण लॅबमधल्या आम्हा लोकांना जे सांगायचं होतं ते राहून गेलं. म्हणून हे पत्र. चार लोकांसमोर लिहितोय, कारण साखर धंद्यात नव्याने येणाऱ्या मुलांनीही ते वाचावं असं मनापासून वाटतं.

लॅब केमिस्टची नोकरी बाहेरच्यांना फारशी माहीत नसते. गळीत हंगामात कारखाना रात्रंदिवस चालतो आणि रस, सिरप, मॅसेक्विट (दाणे धरलेला घट्ट पाक), मळी, प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ), बगॅस (ऊस पिळून उरलेला चोथा) असे नमुने ठरलेल्या वेळी लॅबमध्ये येत राहतात. आम्ही ब्रिक्स (विरघळलेले एकूण घन पदार्थ) बघायचं, पोल (साखरेचं प्रमाण) बघायचा, तक्त्यात भरायचं. सकाळी तोच तक्ता एमडींच्या टेबलावर जातो. आकडा बिघडला की पहिला फोन येतो लॅबला, मिलला नाही. त्यामुळे आकडा ‘बसवून’ द्यायचा मोह फार मोठा असतो. माझ्या आधीच्या नोकरीत तर ती रीतच होती. ‘जरा बघून घे’ एवढंच म्हणायचे, पुढचं आपण समजायचं.

ती थंडीतली रात्रपाळी मला अजून आठवते. एरवी पावणेदोन टक्क्यांच्या आसपास असणारा बगॅसचा पोल लागोपाठ दोन तास तीन टक्क्यांच्या जवळ आला. पुन्हा नमुना घेतला, पुन्हा उकळला, पुन्हा गाळून पोलरीमीटरला लावला. तेच. मी कॉलनीत तुम्हाला फोन केला. मनात धाकधूक होतीच. तुम्ही एवढंच म्हणालात, “जे आलंय ते लिही. सही कर. मी निघालो.”

मफलर गुंडाळून आलात ते लॅबकडे न वळता थेट मिल हाऊसला. फिटरला बरोबर घेऊन शेवटच्या मिलच्या अलीकडे उभे राहिलात आणि बगॅसच्या थरावर बॅटरी मारलीत. थराची एक बाजू वाफाळत होती, दुसरी कोरडी. उरलीसुरली साखर धुऊन काढायला तिथं गरम पाणी सोडतात. त्या पाइपची एका बाजूची भोकं चोंदली होती. मिल थोडा वेळ थांबवून पाइप साफ केला आणि पहाटेपर्यंत पोल जागेवर आला. मग वर येऊन तुम्ही रजिस्टरमध्ये माझ्या आकड्यांच्या खाली कारण लिहिलंत आणि शेजारी तुमची सही केलीत.

‘पाइप कोणी बघायचा होता?’ हा प्रश्न तुमच्या तोंडून आला नाही. सकाळच्या मीटिंगमध्ये तुम्ही ‘लॅबनं वेळेत सांगितलं म्हणून रात्रीतच सापडलं’ असं सांगितल्याचं मला शिपायाकडून कळलं. तुम्ही मला ते कधी बोलून दाखवलं नाहीत.

त्या आकड्याची किंमत तुम्हीच आम्हाला फळ्यावर मांडून दाखवली होती. उसाच्या वजनाच्या साधारण २८ ते ३० टक्के बगॅस निघतो. त्याचा पोल एका टक्क्याने वाढला, तर रोज ५,००० टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यात दिवसाला १४ टनांच्या आसपास जास्त साखर बगॅसबरोबर बॉयलरमध्ये जळते. आणि उतारा (उसातून किती टक्के साखर निघाली ते) म्हणजे शेतकऱ्याचा दर. २०२५-२६ च्या हंगामात १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर) ठरली. त्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे, म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे. माझे वडील ऊस घालतात, त्यामुळे हा हिशोब मला वेगळा समजावून सांगायला लागत नाही.

तुम्ही मऊ होतात असं मात्र कोणी समजू नये. नमुना घ्यायचा चुकला तर रकान्यात ‘चुकला’ असं लिहायचं. मागच्या-पुढच्या आकड्यावरून अंदाजे भरलेला रकाना तुम्ही एकदाही खपवून घेतला नाहीत. दोन्ही गोष्टी एकत्र असल्या की माणसं खरं बोलतात, असं माझं मत झालंय. नुसत्या धाकानं माणसं लपवतात आणि नुसत्या गोडव्यानं ढिली पडतात.

आणि पॅन फ्लोअर, म्हणजे सिरप आटवून साखरेचा दाणा धरतात तो विभाग! आम्ही बीएस्सी झालेली मुलं. पॅनमन फारसे शिकलेले नाहीत म्हणून आमच्यातले काही जण त्यांच्याशी जरा तोऱ्यातच बोलायचे. तुम्ही प्रत्येकाला पॅनशेजारी उभं केलंत. अंगठा आणि बोट यांच्यामध्ये सिरपची तार ओढून, काचेवर दाणा पसरून ते काय बघतात ते नीट बघायला लावलंत. आमचा रिपोर्ट येईपर्यंत त्यांच्या बोटांना कळलेलं असायचं. कुठलाही निर्णय घेण्याआधी तुम्ही त्यांना ‘तुमचं काय म्हणणं?’ असं विचारायचात आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबायचात.

चूक कोणाची हे न विचारता ऐकून घ्यायची तुमची ही सवय माझ्या घरात कशी आली तेही सांगतो. वडिलांनी सोसायटीचं कर्ज थकल्याचं बरेच दिवस घरात सांगितलं नव्हतं. नोटीस आली तेव्हा मान खाली घालून त्यांनी कागद माझ्यासमोर ठेवला. ‘आधी का नाही सांगितलं?’ अगदी ओठांवर आलं होतं. तुम्ही आठवलात. किती, कोणाचं, कधीपर्यंत, एवढंच विचारलं आणि दोघांनी मिळून कागदावर मांडलं. मग त्यांनी आपणहून सांगितलं, आणखी एका ठिकाणचंही देणं आहे म्हणून. रागावलो असतो तर ते दुसरं देणं मला कधी कळलंच नसतं. त्या रात्री वडील पोटभर जेवले.

आता लॅबची जबाबदारी माझ्याकडे आहे. तुमचं ते रजिस्टर कपाटात जपून ठेवलंय. नवीन मुलगा आला की पुस्तकांआधी तेच हातात देतो; कुठल्या आकड्याखाली काय कारण लिहिलंय ते वाचायला सांगतो. मुलं दोन-तीन दिवसांत प्रश्न विचारायला लागतात.

साहेब, तुमच्यामुळे मला माझ्या कामाचा अभिमान वाटतो. माझ्या सहीला किंमत आहे हे तुम्ही मला दाखवलंत. मनापासून आभार.

वहिनींना नमस्कार. यंदा मोळी टाकायच्या कार्यक्रमाला दोघंही नक्की या. पॅन सेक्शनची मंडळी रोज तुमची चौकशी करतात, आणि नव्या मुलांना तुम्हाला भेटायचंय.

आपला,
लॅबमधला एक सहकारी