वायपर आठवला, बॉल जॉइंट विसरला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्याआधी गाडीची निगा कशी राखावी, हा आपल्या पुरवणीतला मजकूर वाचला. वायपर, टायर, बॅटरी सगळे आले. चाकामागचा बॉल जॉइंट, म्हणजे चाक वळू-हलू देणारा गोटीचा सांधा, तेवढा राहिला. गगनबावड्याच्या रस्त्याने खड्डे खात जाणाऱ्या जुन्या गाडीचा तोच आधी जातो, म्हणून हे पत्र.

माझी मारुती झेन १९९९ ची. खड्ड्यात डावीकडून टक-टक यायची. उद्यमनगरात तीस वर्षे लेथवर काढलेली, त्यामुळे गॅरेजला कशाला जायचे, हा माज होताच. झेनचा जॉइंट सुटा बदलत नाहीत, अख्खा लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा लोखंडी हात, घ्यावा लागतो. तो आणला, पुतण्याला हाताशी घेतले आणि अंगणातच जॅक लावला.

जॉइंटच्या दांड्याला खोबण असते. दांडा नकलमध्ये (ज्यावर चाक बसते त्या भागात) पुरता वर बसला तरच आडवा बोल्ट त्या खोबणीतून पार होतो आणि दांड्याला खाली निसटू देत नाही. आमचा दांडा दोन-तीन मिलीमीटर खालीच राहिलेला. पुतण्या म्हणाला, ‘‘काका, बोल्ट जाईना झालाय.’’ मी म्हणालो, ‘‘मार की दोन ठोके!’’ जन्मभर मायक्रोमीटर धरलेल्या माणसाचे हे बोल. बोल्ट गेला, पण स्वतःचे आटे आणि खोबणीची कड खाऊन. रात्री झोप लागेना. सकाळी पुन्हा खोलले आणि कोरा आर्म भंगारात टाकला. बोल्टही नवा घेतला, डोक्यावरचा मजबुतीचा आकडा जुन्याशी जुळवून. १०.९ च्या जागी ८.८ चा बोल्ट घालून भागत नाही.

दुसरी चूक कळायला चार महिने गेले. चाक लोंबकळत असतानाच आर्मचा आतला, सांगाड्याकडच्या टोकाचा बोल्ट मी गच्च आवळला होता. गाडी खाली घेतली की आर्म वर येतो आणि त्या बोल्टभोवतीच्या बुशाचे रबर कायम पिळलेले राहते. ते फाटलेच. नवा बुश घातल्यावर पुढची दोन्ही चाके फळ्यांवर चढवली, बोनेट चार वेळा दाबून गाडी बसू दिली आणि मगच बोल्ट आवळला. शेवटी अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेणे. ती टाळली तर टायर एका कडेने झिजतो.

आणि काही बदलण्याआधी नक्की काय गेलेय ते बघा. चाक उचलून घड्याळातल्या १२ आणि ६ वर धरून हलवा, दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. हलणे थांबले तर दोष बेअरिंगचा. तरीही हलत राहिले तर आर्म आणि नकलच्या सांध्यावर बोट ठेवा, खेळ हाताला लागतो.

गॅरेजवाल्या मंडळींना एकच सांगणे : काढलेला आर्म गिऱ्हाइकाच्या हातात द्या आणि आतला बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना त्याच्यादेखत आवळा. पुढच्या वर्षीच्या पुरवणीत वायपरच्या शेजारी बॉल जॉइंटलाही दोन ओळी मिळाव्यात.

आपला,
एक निवृत्त टर्नर,
फुलेवाडी, कोल्हापूर

ता. क. : नकल बाहेर ओढताना ड्राइव्ह शाफ्टला (गिअरबॉक्सकडून चाक फिरवणाऱ्या दांड्याला) ताण देऊ नका, गिअरबॉक्सकडचा सांधा सुटून हातात येतो. तेही करून झाले आहे, पण ते सांगायला दुसरे पत्र लागेल.