शून्याच्या जागी तीनशे लिहायला लावणाऱ्या मॅडमना

मॅडम, नमस्कार.

संस्थेत फोन केला तेव्हा कळलं की तुमचं कंत्राट संपलं आणि तुम्ही आता तिथे नसता. जुना नंबरही लागत नाही. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे. कुणीतरी वाचून तुमच्यापर्यंत पोचवेल.

मी मंगळवेढा तालुक्यातली, कडक भाकरीवाली. सोलापूरच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत तुमच्या वर्गात शेवटच्या रांगेत बसायचे. चेहरा कदाचित आठवणार नाही, पण माझी वही आठवेल.

एक गोष्ट तेव्हा तुम्हाला सांगितली नव्हती. त्याआधी मी दोन प्रशिक्षणं करून आले होते. एकात तीन दिवस आम्हा चाळीस बायकांना पडद्यावरची इंग्रजी अक्षरं दाखवली, पोहे दिले, बॅनरपुढे फोटो काढला आणि हातात प्रमाणपत्र ठेवलं. आमच्यातली कोण काय करते, काय विकते, हे तीन दिवसांत एकदाही कुणी विचारलं नाही. दुसऱ्यात मेणबत्त्या करायला शिकवल्या. आमच्या गावात रोज मेणबत्ती कोण विकत घेणार? पुढे कर्जाची चौकशी करायला गेले तर टेबलामागचे साहेब म्हणाले, "मालकांना घेऊन या, तुम्हाला काय समजणार यातलं." खाद्य परवान्याची नोंदणी करून देतो म्हणून एका एजंटाने 2000 रुपये मागितले. त्या नोंदणीची सरकारी फी वर्षाला 100 रुपये होती, हे मला तुमच्याकडून कळलं. या सगळ्यांचा राग अजून गेलेला नाही. माझी तीन वर्षं त्यात गेली.

तुमच्याकडे आले तीही घाबरतच. राहणं-जेवण फुकट आहे म्हटल्यावर सासूबाईंनी विचारलं, "फुकट कोण कशाला शिकवतंय?"

चौथ्या दिवशी तुम्ही हिशेबाचा तक्ता भरायला दिलात. ज्याने त्याने आपल्या मालाचा. मी मनापासून भरला. रोजच्या 100 भाकरी. पीठ 7 किलो, 60 च्या भावाने 420. जळण 80. पिशव्या न् मीठ 50. व्यापारी नग 6 रुपयांनी नेतो, म्हणजे 600. शिल्लक 50. मजुरीच्या रकान्यात मी शून्य लिहिलं होतं. मीच तर थापते, मजुरी कुणाला द्यायची?

तुम्ही फिरत फिरत माझ्याजवळ आलात आणि बराच वेळ त्या शून्याकडे बघत राहिलात. मग शेजारी बसून विचारलंत, "पहाटे किती वाजता उठता?" म्हटलं, चारला. "उद्या तुम्ही आजारी पडलात आणि तव्यापाशी दुसरी बाई बसवली, तर तिला काय हजेरी द्याल?" म्हटलं, तीनशे तरी द्यावे लागतील. तुम्ही काही बोलला नाहीत. पेन माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, "तुमच्या हातानं लिहा."

जेवणाची वेळ झाली होती. सगळ्या उठून गेल्या. माझ्याच्याने लिहवेना. घरच्या कामाचे पैसे मांडायचे म्हणजे काहीतरी वाईट करतोय असं वाटत होतं. तुम्ही घाई केली नाहीत, माझ्या हातून पेन घेऊन स्वतः आकडा टाकला नाहीत. नुसत्या बसून राहिलात, तुमचं ताट तसंच पडलं होतं. शेवटी मी शून्यावर काट मारून 300 लिहिले. वजाबाकी केली तर रोज 250 रुपये तोटा.

त्या दिवशी मी मोरीत जाऊन रडले. आमच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिचं किती कौतुक ऐकलं होतं. त्या ज्वारीची भाकरी कागदासारखी पातळ थापून मंद आचेवर कडक करणाऱ्या हाताची किंमत मीच शून्य लावून बसले होते.

परत आल्यावर व्यापाऱ्याला 10 रुपये भाव सांगितला. तो हसून निघून गेला आणि दोन आठवडे फिरकला नाही. घरात बोलणी खाल्ली. त्या दोन आठवड्यांत तुमचे तीन फोन आले. प्रशिक्षणानंतर दोन वर्षं पाठपुरावा करायचा हा संस्थेचा नियम आहे, तुम्हीच सांगितलं होतं. कर्नाटकात धर्मस्थळाजवळच्या उजिरे गावात 1982 साली अशी पहिली संस्था निघाली, तेव्हापासूनची ही रीत, असंही म्हणाला होतात. पण "आज किती भाकरी खपल्या" याच्या आधी "आज जेवलात का" असं विचारायला कुठला नियम सांगतो? आमच्याकडे दामाजीपंतांचं नाव निघालं की दुष्काळात त्यांनी कोठारं कशी उघडली हे म्हातारी माणसं अजून डोळ्यांत पाणी आणून सांगतात. तुमच्या हातात कोठार नव्हतं, पगारही बेताचाच असणार. तरी मला तुमची आठवण त्याच ओळीत येते. समोरच्या माणसाला पुरतं माणूस समजणारे असे लोक नोकरीत, कंत्राटावर, कुठेकुठे बसलेले असतात, म्हणून आमच्यासारख्यांचं चालतं.

आता पंढरपूरला आणि सोलापुरात मी थेट माल देते, शेंगाचटणीच्या पुडीसकट. शेजारच्या दोघीजणी कामाला येतात. दोघींना 300 हजेरी आहे, आणि वहीत पहिल्या ओळीला माझंही नाव आहे, तेवढ्याच हजेरीने. तो जुना तक्ता मी पिशवीत घालून देवघरात ठेवला आहे.

पत्ता कळवा, मॅडम. माघ-फाल्गुनात नवी ज्वारी निघेल. पहिल्या पिठाच्या पंचवीस भाकरी तुम्हाला पाठवायच्या आहेत. त्यांचे पैसे घेणार नाही. त्या दिवसाची माझी हजेरी मात्र वहीत लिहिलेली असेल.

तुमची,
शेवटच्या रांगेतली भाकरीवाली