ताप वेगळा, उष्माघात वेगळा

संपादक महोदय,
जनावराचे अंग तापलेले लागले की लगेच तापाचे औषध, ही घाई बरी नव्हे. संसर्गात पांढऱ्या पेशी सोडतात त्या रसायनांमुळे मेंदूत प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य वाढते आणि तापमानाची ठरलेली पातळीच वर सरकते. म्हणून अंग गरम असूनही जनावर थरथरते. तापाचे औषध हेच प्रोस्टाग्लँडिन रोखते. उष्माघातात पातळी बदललेलीच नसते. म्हणून तिथे औषध नव्हे, सावली, अंगावर पाणी आणि वारा हवा. आधी थर्मामीटर गुदद्वारात आतल्या भिंतीला टेकवून मोजा. शेणात रुतला तर आकडा चुकतो. गाईला साधारण 38 ते 39.3 अंश सेल्सिअस ठीक. मांजराला मात्र पॅरासिटामॉल कधीही नको! त्याच्या यकृताला ते औषध निरुपद्रवी करता येत नाही आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता ढासळते.
– एक पशुवैद्यक