मंत्रिमहोदय, प्रश्न विचारायला एक संध्याकाळ द्या

प्रति,
माननीय मराठी भाषा मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : विज्ञानाचे मोठे प्रश्न मराठीत विचारता येतील अशी जागा मोठ्या माणसांना मिळण्याबाबत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

लालबागच्या एका रात्रशाळेत मी ३१ वर्षं विज्ञान शिकवलं. दिवसभर राबून आलेली मुलं साडेसहाला वर्गात बसायची. डोळ्यांवर झोप असायची, पण प्रश्न अस्सल असायचे. त्यातला एक प्रश्न आपल्याला सांगतो, कारण हे पत्र त्याच्यामुळेच लिहितो आहे.

दहावीच्या वर्गात एका मुलाने विचारलं, "सर, विश्व पसरतंय म्हणता, मग ते कशात पसरतंय?" मी फळ्यावर फुगा काढला, त्यावर ठिपके दिले, फुगा मोठा केला. त्याला ते पटलं नाही. तो दिवसा एका खानावळीत तळणावर असे. थोडा वेळ गप्प बसून तोच म्हणाला, "म्हणजे साबुदाण्याच्या पापडीसारखं का? तेलात सोडली की फुलते आणि जिरं एकमेकांपासून लांब जातं. पण जिरं काही फुगत नाही."

माझ्या फुग्यापेक्षा त्याची पापडी सरस होती. फुगा फुगला की ठिपकेही फुगतात. दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड समूह, तशा फुगत नाहीत. गुरुत्वाकर्षणाने त्या एकसंध राहतात, वाढतं ते त्यांच्यामधलं अंतर. पापडीतल्या कुठल्याही जिऱ्यावर बसून पाहिलं तर बाकीचं जिरं आपल्यापासूनच लांब चाललंय असं वाटेल, आणि जे दूर आहे ते जास्त वेगाने जाताना दिसेल. एडविन हबल या खगोलशास्त्रज्ञाने १९२९ मध्ये दीर्घिकांच्या बाबतीत हेच दाखवून दिलं. मग पापडी कुठे तोकडी पडते, तेही आम्ही बोललो. पापडीला कड असते, विश्वाची कड कुणाला सापडलेली नाही. पापडीला कढई लागते, विश्वाला बाहेरून काही लागतं असं मानायची गरज पडत नाही. 'कशात' असं विचारतानाच आपण एक 'बाहेर' धरून चालतो. घंटा झाली तरी त्या दिवशी कुणी उठलं नाही.

महोदय, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. मला त्याचा मनापासून आनंद झाला. पण भाषेची श्रीमंती जुन्या ग्रंथांत असते तशी आज तिच्यात काय विचारता येतं यातही असते. कृष्णविवर, दीर्घिका, गुरुत्वीय लहरी हे शब्द आपल्याकडे आहेत, परिभाषा कोशही आहेत. बोलण्याची सवय मात्र नाही. शाळा सुटली की माणसाचा विज्ञानाशी संबंध तुटतो आणि त्या रिकाम्या जागेत मोबाइलवरचे निरोप शिरतात.

आपल्यालाही तो निरोप कधीतरी आला असेल : आज रात्री कॉस्मिक किरण पृथ्वीजवळून जाणार, मोबाइल बंद करून लांब ठेवा. माझ्या शेजारच्या वहिनींनी भीतीने घरातले सगळे फोन बंद करून कपाटात ठेवले होते. मी त्यांना तळहात पुढे करायला सांगितलं. म्हटलं, वहिनी, हे कॉस्मिक किरण, म्हणजे विश्वकिरण, आजच नाही, रोज येतात. ते हवेच्या वरच्या थरांवर आदळले की म्यूऑन नावाचे कण तयार होतात आणि त्यातला साधारण एक दर सेकंदाला तुमच्या या तळहातातून आरपार जातो. जन्मापासून जातोय. त्या कितीतरी वेळ हाताकडेच बघत राहिल्या. भीती गेली आणि लगेच पुढचा प्रश्न आला, "येतात कुठून?"

खरी गोष्ट तिथून पुढे सुरू होते. म्यूऑन साधारण १५ किलोमीटर उंचीवर जन्मतो आणि सरासरी २.२ मायक्रोसेकंद जगतो. तेवढ्या वेळात प्रकाशाच्या वेगाने धावला तरी जेमतेम ६६० मीटर जाईल, म्हणजे दादरहून निघाला तर परळही गाठणार नाही. तरी तो जमिनीवर पोहोचतो, कारण इतक्या वेगात त्याचं घड्याळ आपल्या मानाने संथ चालतं. आइन्स्टाइनचा सापेक्षतेचा सिद्धांत वहिनींच्या तळहातावर उतरलेला असतो. हे मी त्यांना स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सांगितलं, तेही एकही सूत्र न लिहिता.

या शहरात सांगणारी माणसं आहेत. १९४५ मध्ये स्थापन झालेली टाटा मूलभूत संशोधन संस्था आज कुलाब्याला आहे, मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषद, वरळीला तारांगण. डॉ. जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगत, पोस्टकार्डावर विज्ञानाचा प्रश्न पाठव, उत्तराखाली माझी सही मिळेल. २० मे २०२५ रोजी ते गेले. त्यांच्या पोस्टकार्डाची जागा घेईल असं काही आपण उभं केलेलं नाही.

मी प्रयत्न करून पाहिला. एका शाळेकडे महिन्यातून एक संध्याकाळ वर्ग मागितला. उत्तर मिळालं, विज्ञान दिन २८ फेब्रुवारीला साजरा झाला आहे. दुसरीकडे विचारलं, प्रमाणपत्र देणार का? ज्या माणसाला काळ म्हणजे काय हे जाणून घ्यायचंय, त्याला प्रमाणपत्र नको असतं.

म्हणून मागणी साधी आहे. मुंबईच्या प्रत्येक विभागात महिन्यातून एक संध्याकाळ, रात्री आठनंतर, पालिकेच्या शाळेतली एक खोली. भाषण वीस मिनिटांच्या वर नको, उरलेला वेळ प्रश्नांना. येणाऱ्या संशोधकाला मानधन आणि प्रवासखर्च आपल्या खात्याने द्यावा. नुसती सद्भावना दोन महिन्यांत आटते. इंग्रजी शब्द आला तर येऊ द्यावा, वाक्य मराठी असलं म्हणजे झालं. आणि "हे अजून कुणालाच माहीत नाही" असं उत्तर तिथे मोकळेपणाने देता यावं. कृष्णद्रव्य, म्हणजे दिसत नाही पण गुरुत्वाकर्षणातून जाणवतं ते द्रव्य, कशाचं बनलंय, याचं आज तेच खरं उत्तर आहे.

सुरुवात १५ मेला करता येईल. त्या दिवशी मुंबईत सूर्य बरोबर डोक्यावर येतो. रोज दुपारी येतो असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात इथे वर्षातून दोनदाच येतो, आणि जुलैच्या अखेरची दुसरी वेळ ढगांत जाते. बाराला नाही, साधारण १२ वाजून ३५ मिनिटांनी, कारण आपली घड्याळं साडेब्याऐंशी रेखांशाच्या वेळेने चालतात आणि मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला आहे. लालबागच्या मैदानात मी एक सरळ नळी उभी करून ठेवीन. आपण सव्वाबारापर्यंत यावं, म्हणजे तिची सावली आखडत आखडत बुडाशी नाहीशी होताना पाहता येईल.

आपला,
एक निवृत्त रात्रशाळा शिक्षक
लालबाग, मुंबई