रडू द्या की माणसाला!

संपादक महोदय, स.न.वि.वि.

2 नोव्हेंबर जवळ आला की आमच्या वसईत झेंडू आणि मेणबत्त्यांची खरेदी सुरू होते, त्या दिवशी कॅथलिक लोक आपल्या मृतांसाठी प्रार्थना करतात, दफनभूमीत मिस्सा (चर्चची सामूहिक उपासना) होते, फादर कबरींवर पवित्र पाणी शिंपडत फिरतात. त्यानिमित्ताने थोडं लिहितोय.

गेल्या वर्षी आई गेली. भेटायला येणारा प्रत्येकजण सांगायचा, रडू नकोस, ती देवाघरी गेली, विश्वास ठेव. मनात चांगलंच असतं त्यांच्या, पण खरं सांगू, राग यायचा! जणू रडलं तर विश्वास कमी पडला. मग बायबलमधला योहानचा 11वा अध्याय काढला, लाजरच्या मरणाचा. त्याला आपण मरणातून उठवणार हे येशूला माहीत होतं, तरी लाजरच्या बहिणीला, मरीयेला, रडताना पाहून तो स्वतः रडला. तिला गप्प बस म्हणाला नाही. आणि क्रुसावर तर देवालाच विचारलं, तू माझा त्याग का केलास? मला धीर आला तो तिथून, पुनरुत्थानावरच्या प्रवचनातून नाही (ते पटतं, पण नंतर, सावकाश).

बाकी आधार शेजारणींचा. संध्याकाळी घरी येऊन रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणायच्या, आई बसायची त्या खुर्चीत मुद्दाम कुणीतरी बसायचं, चहा व्हायचा, उपदेश कुणी करायचं नाही. चर्चमध्ये लग्नाआधीचे वर्ग असतात तशी दुःखात असलेल्यांची महिन्यातून एखादी बैठक ठेवायला काय हरकत आहे?

- एक वाचक, वसई